जैवरसायनशास्त्राचा पहिला कोर्स: काय पाठ करायचं आणि काय दर वेळी कागदावर काढायचं

जैवरसायनशास्त्रात पाठ करायची यादी वाटते त्यापेक्षा बरीच छोटी आहे. मात्र ती अर्धवट पाठ असून चालत नाही, आणि सत्राच्या शेवटी पाठ करूनही उपयोग नसतो, कारण चौथ्या आठवड्यापासून प्रत्येक प्रकरण ती तुम्हाला येते असं धरूनच चालतं. यादीत येतं ते एवढंच: वीस अमिनो आम्लं, त्यांपैकी सातांच्या साइड चेनचे (साइड चेन म्हणजे प्रत्येक आम्लाला वेगळं करणारी बाजूची शाखा) पीकेए (ज्या पीएचला गटाचे निम्मे रेणू प्रोटॉन धरून आणि निम्मे सोडून असतात तो आकडा), नेहमी भेटणारे क्रियात्मक गट (अल्कोहोल, अल्डिहाइड, कीटोन, कार्बोक्झिलिक आम्ल, एस्टर, अमाइड, अमिन, थायॉल, फॉस्फेट), आणि दहाबारा आकडे. बाकीचं बहुतेक सगळं यावरून काढता येतं. क्रेब्स चक्र (पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या अभिक्रियांचं वर्तुळ) गाण्यासारखं पाठ करणाऱ्याची अडचण अशी होते की परीक्षेत 'हे एन्झाइम बंद पाडलं तर काय साठेल?' असं विचारलं की गाणं मधूनच सुरू करता येत नाही.

अमिनो आम्लं: पहिले दहा दिवस

रोज चार, याप्रमाणे पाच दिवसांत वीस होतात. पुढचे पाच दिवस फक्त उजळणी. प्रत्येक आम्लाची रचना, तीन अक्षरी खूण, एक अक्षरी खूण आणि साइड चेनचा स्वभाव (पाण्यापासून दूर पळणारी, ध्रुवीय, धन की ऋण) एकत्रच शिकावं. एक अक्षरी खुणांपैकी अकरा नावाच्या इंग्रजी आद्याक्षरावरूनच येतात. खरी मेहनत उरलेल्या नऊंची: लायसिन के, अर्जिनिन आर, ॲस्पार्टेट डी, ग्लुटामेट ई, ॲस्पॅराजिन एन, ग्लुटामिन क्यू, फिनिलॲलानिन एफ, टायरोसिन वाय, ट्रिप्टोफॅन डब्ल्यू. ॲस्पार्टेट आणि ॲस्पॅराजिन, ग्लुटामेट आणि ग्लुटामिन या जोड्यांत हमखास गोंधळ होतो. पहिल्याच्या टोकाला कार्बोक्झिल असतो आणि ऋण प्रभार असतो. दुसऱ्याच्या टोकाला अमाइड असतो आणि प्रभार काहीच नसतो. अमाइडमध्ये नायट्रोजन दिसला की त्याला धन प्रभार देऊन टाकणं ही फार जुनी चूक आहे. त्या नायट्रोजनची इलेक्ट्रॉनजोडी शेजारच्या कार्बोनिलमध्ये गुंतलेली असते, त्यामुळे तो प्रोटॉन घ्यायला मोकळा नसतो.

फ्लॅशकार्डवर नाव वाचून 'हो, येतं' म्हणणं म्हणजे येणं नव्हे. कोऱ्या कागदावर रचना काढा आणि मग पुस्तकाशी ताडून पाहा.

साइड चेनचे पीकेए: ॲस्पार्टेट ३.७, ग्लुटामेट ४.२, हिस्टिडिन ६.०, सिस्टीन ८.२, टायरोसिन १०.१, लायसिन १०.५, अर्जिनिन १२.५. पुस्तकागणिक दशांशात थोडा फरक दिसेल, त्याचा बाऊ नको. प्रथिनाच्या आत शिरल्यावर शेजाऱ्यांमुळे हे आकडे याहून कितीतरी जास्त हलतात.

प्रभार मोजणं

सूत्र एकच: पीएच = पीकेए + लॉग (प्रोटॉन सोडलेलं रूप ÷ प्रोटॉन धरलेलं रूप). पीएच पीकेएपेक्षा कमी असेल तर गट प्रोटॉन धरून ठेवतो, जास्त असेल तर सोडतो. एका एककाचा फरक म्हणजे १०:१, दोन एककांचा म्हणजे १००:१. एवढं हातात बसलं की निम्म्या प्रश्नांना कॅल्क्युलेटर लागत नाही.

समप्रभार बिंदू, म्हणजे ज्या पीएचला निव्वळ प्रभार शून्य होतो तो, काढताना नेहमी अगदी आम्लधर्मी टोकापासून सुरुवात करा. लायसिन घेऊ. पीएच १ ला कार्बोक्झिल प्रोटॉनसह, म्हणजे शून्य, दोन्ही अमिनो गट धन, एकूण +२. पीएच चढवत न्या. २.१८ ला कार्बोक्झिलचा प्रोटॉन जातो, प्रभार +१. ८.९५ ला अल्फा अमिनोचा जातो, प्रभार ०. १०.५३ ला साइड चेनचा जातो, प्रभार −१. शून्याची अवस्था ८.९५ आणि १०.५३ यांच्यामध्ये आहे, म्हणून उत्तर त्यांची सरासरी, ९.७४. तिन्ही पीकेएंची सरासरी काढणाऱ्याला ७.२२ मिळतं आणि ते चूक आहे. लायसिन हे धनप्रभारी आम्ल, त्याचा समप्रभार बिंदू सातच्या बराच वर असायलाच हवा, ही पडताळणी दोन सेकंदांत होते.

पेप्टाइडमध्ये आणखी एक सापळा असतो. ॲलानिन-लायसिन-ग्लुटामेट-हिस्टिडिन या चौकडीचा पीएच ७ ला प्रभार काढायचा, तर मधल्या आम्लांचे अल्फा अमिनो आणि अल्फा कार्बोक्झिल मोजायचेच नाहीत. ते पेप्टाइड बंधात खर्च झालेले आहेत. उरतं ते असं: सुरुवातीचा अमिनो +१, लायसिन +१, ग्लुटामेट −१, शेवटचा कार्बोक्झिल −१, आणि हिस्टिडिन. त्याचा पीकेए ६, पीएच ७, म्हणजे अकरा रेणूंत एकच प्रोटॉनसह: साधारण +०.१. निव्वळ प्रभार तेवढाच.

बफरच्या गणितातही हेच सूत्र. ०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.४, पुस्तकातला पीकेए ७.२: गुणोत्तर १० चा ०.२ घात, म्हणजे १.५८, एका लिटरला डायसोडियम क्षार ६१ मिलिमोल आणि मोनोसोडियम ३९ मिलिमोल. कागदावर हे बरोबर आहे. प्रयोगशाळेत मात्र मीटर साधारण ७.० दाखवेल आणि तुम्ही मीटरवर शंका घ्याल. मीटर बरोबरच असतो. ७.२ हा आकडा अतिविरल द्रावणाचा आहे, ०.१ मोलर द्रावणात आयनांच्या गर्दीमुळे फॉस्फेटचा प्रत्यक्ष पीकेए ६.८ च्या आसपास येतो.

प्रथिनांची रचना पटकन उरकता येते. अल्फा हेलिक्सच्या (प्रथिनसाखळीचा मळसूत्रासारखा पीळ) एका वळशात ३.६ अवशेष (साखळीत गुंफलेली अमिनो आम्लं), एक वळसा ५.४ अँगस्ट्रॉम, एका अवशेषाचं सरासरी वस्तुमान ११० डाल्टन. म्हणजे ५५,००० डाल्टनचं प्रथिन दिसलं की सुमारे ५०० अमिनो आम्लं. प्रोलिन हेलिक्स का मोडतं, ग्लायसिन त्यात का टिकत नाही, याची कारणं रचना काढली की दिसतात. हिमोग्लोबिनला मात्र वेळ द्या, कारण पुढे सगळ्या नियंत्रक एन्झाइमांत तोच विचार परत येतो. मायोग्लोबिन (स्नायूतलं ऑक्सिजन धरणारं प्रथिन) साधारण ३ मिमी पारा ऑक्सिजनदाबालाच अर्धं भरतं, हिमोग्लोबिन २६ ला. दोन्ही वक्र एकाच आलेखावर हाताने काढा, फुप्फुसाचा दाब (सुमारे १००) आणि स्नायूचा (२० ते ४०) यांच्या उभ्या रेषा मारा. कुठलं प्रथिन ऑक्सिजन पोचवू शकतं आणि कुठलं फक्त साठवू शकतं, ते त्या दोन रेषांमधल्या उतारावरून दिसतं.

एन्झाइमची गती: एककं सांभाळा

मायकेलिस आणि मेंटेन यांचं १९१३ चं समीकरण, वेग = व्हीमॅक्स × सब्स्ट्रेट ÷ (केएम + सब्स्ट्रेट) (सब्स्ट्रेट म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, व्हीमॅक्स म्हणजे कमाल वेग, केएम म्हणजे निम्मा वेग देणारी सब्स्ट्रेटची संहती), सिद्धतेसह एकदा स्वतः मांडावं. त्यानंतर त्यात आकडे घालून बघावं: सब्स्ट्रेट केएमइतकं असेल तर वेग निम्मा, तिप्पट असेल तर तीन चतुर्थांश, नऊपट असेल तर ९० टक्के. व्हीमॅक्सच्या १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला सब्स्ट्रेट ८१ पट वाढवावं लागतं. 'जास्त सब्स्ट्रेट घातलं की व्हीमॅक्स मिळेल' हा भाबडेपणा या एका आकड्याने जातो.

अवरोधकांचे (एन्झाइमचं काम अडवणाऱ्या रेणूंचे) तीन प्रकार तक्त्यावरून पाठ करू नका; अवरोधक कुठे चिकटतो ते विचारा. स्पर्धक मोकळ्या एन्झाइमला सब्स्ट्रेटच्या जागीच चिकटतो, म्हणून भरपूर सब्स्ट्रेट घातलं की तो हरतो: व्हीमॅक्स तेवढाच, केएम वाढलेला. फक्त एन्झाइम-सब्स्ट्रेट जोडीलाच चिकटणारा जास्त सब्स्ट्रेटमुळे उलट आणखी चिकटतो: व्हीमॅक्स कमी, आणि जोडी अडकून पडल्यामुळे केएमही त्याच प्रमाणात कमी. मोकळ्या एन्झाइमला आणि जोडीला सारखाच चिकटणारा एन्झाइमचा एक हिस्सा बाद करतो: व्हीमॅक्स कमी, केएम जागच्या जागी.

लाइनवीव्हर-बर्क आलेख, दोन्ही अक्षांवर व्यस्त आकडे असलेला, परीक्षेत वाचता आला पाहिजे. उभ्या अक्षाला छेद १ ÷ व्हीमॅक्स, आडव्याला −१ ÷ केएम. पण स्वतःच्या प्रयोगाची आकडेमोड त्यावर करू नका. सगळ्यात कमी सब्स्ट्रेटचा, म्हणजे सगळ्यात चुकीचा बिंदू व्यस्त केल्यावर सगळ्यात लांब जाऊन बसतो आणि सरळ रेषेला आपल्याकडे ओढतो. संगणकावर थेट वक्र बसवा. सब्स्ट्रेटच्या पातळ्या केएमच्या एक पंचमांशापासून पाचपटीपर्यंत पसरलेल्या हव्यात. सगळ्या केएमच्या वर असतील तर केएम सांगणारा भागच तुमच्याकडे नाही.

गुण मात्र बहुधा एककांत जातात. उदाहरण: व्हीमॅक्स मिनिटाला ३६० मायक्रोमोलर, एन्झाइम ०.०२ मायक्रोमोलर, केएम ५० मायक्रोमोलर. एक एन्झाइम रेणू मिनिटाला १८,००० फेरे करतो, म्हणजे सेकंदाला ३००. एन्झाइमची कार्यक्षमता काढायला हा आकडा केएमने भागायचा, पण केएम मोलरमध्ये: ३०० ÷ ०.००००५ = ६० लाख दर मोलर दर सेकंद. सेकंदात बदलायला विसरलात तर ३६ कोटी येतं. रेणू पाण्यातून एकमेकांपर्यंत पोचण्याची मर्यादाच १० कोटी ते १०० कोटी आहे. तिथवर पोचणारी एन्झाइमं आहेत, पण थोडी. उत्तर तिकडे सरकलं की आधी आपली एककं तपासावीत.

ऊर्जेचा हिशेब

इथे एकच गोष्ट रुजवायची: प्रमाणित मुक्त ऊर्जा (पीएच ७ ला, सगळी द्रव्यं १ मोलर धरून मोजलेली) दिशा सांगत नाही, पेशीतली प्रत्यक्ष मुक्त ऊर्जा सांगते. डेल्टा जी = प्रमाणित डेल्टा जी + आरटी × नैसर्गिक लॉग (उत्पादितं ÷ अभिकारकं). ३७ अंशाला आरटी (वायू स्थिरांक × केल्विनमधलं तापमान) सुमारे २.५८ किलोज्यूल दर मोल. मॅलेटपासून ऑक्झॅलोॲसिटेट होण्याची प्रमाणित किंमत +२९.७ किलोज्यूल, म्हणजे अभिक्रिया उलटी जायला हवी. ती सरळ जाण्यासाठी गुणोत्तर किती हवं? २९.७ ÷ २.५८ = ११.५, ई चा −११.५ घात म्हणजे साधारण एक लाखात एक. पेशीत ते त्याहूनही खाली असतं, कारण पुढचं एन्झाइम ऑक्झॅलोॲसिटेट तयार होताच उचलतं. हे गणित एकदा हाताने केलं की 'पुढची पायरी मागचीला ओढते' या वाक्याला अर्थ येतो.

चयापचय: ग्लायकोलिसिस नीट, मग बाकीचं सोपं

ग्लायकोलिसिस म्हणजे ग्लुकोज तोडून पायरुव्हेट करणारा मार्ग. त्याच्या दहा पायऱ्यांच्या तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फक्त कार्बन मोजा: सहा, सहा, सहा, मग तीन आणि तीन. दुसऱ्या फेरीत एन्झाइमच्या नावावरून पायरीचा प्रकार ओळखा. कायनेज फॉस्फेट हलवतं, आयसोमरेज रेणूची मांडणी बदलतं, म्युटेज गट एका कार्बनवरून दुसऱ्यावर नेतं, डीहायड्रोजनेज इलेक्ट्रॉन काढून घेतं. तिसरी फेरी खरी महत्त्वाची: प्रत्येक पायरीला 'ही नसती तर काय अडलं असतं?' असं विचारा.

दुसरीच पायरी घ्या. ग्लुकोज-६-फॉस्फेटचं फ्रुक्टोज-६-फॉस्फेट का करायचं? पुढे रेणू तोडायचा आहे, आणि अल्डोलेज जो बंध तोडतं तो कार्बोनिलपासून ठरावीक अंतरावर असतो: कार्बोनिलच्या शेजारचा कार्बन आणि त्याच्या पुढचा, या दोघांमधला. ग्लुकोजमध्ये कार्बोनिल पहिल्या कार्बनवर, म्हणजे तुटणार दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये. तुकडे दोन आणि चार कार्बनचे, त्यांच्यासाठी दोन वेगळे मार्ग लागले असते. कार्बोनिल दुसऱ्या कार्बनवर सरकवला की तुटतं तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये. तीन आणि तीन, जे एकमेकांत बदलता येतात. ही पायरी यानंतर विसरली जात नाही.

सहाव्या पायरीपाशीही थांबा. अल्डिहाइडचं ऑक्सिडीकरण होतं, एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) तयार होतं, आणि सुटणाऱ्या ऊर्जेवर फॉस्फेट जोडलं जातं. हे फॉस्फेट एटीपीकडून (पेशीच्या ऊर्जेच्या चलनाकडून) येत नाही, द्रावणातलं असेंद्रिय फॉस्फेट असतं. म्हणूनच पुढच्या पायरीत मिळणारा एटीपी नफ्याचा असतो. दोन खर्च, चार जमा, निव्वळ दोन. इथे एनएडी+ (एनएडीएचचं इलेक्ट्रॉन नसलेलं रूप) खर्च होतं, ते परत मिळालं नाही तर सगळं इथेच थांबतं. ऑक्सिजन नसताना पायरुव्हेटचं लॅक्टेट होतं ते याच कारणासाठी. 'ऊर्जा मिळवण्यासाठी' असं लिहिलेलं उत्तर चूक, कारण त्या पायरीत एकही एटीपी तयार होत नाही.

पेशीत परत न फिरणाऱ्या पायऱ्या तीन: हेक्सोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-१, पायरुव्हेट कायनेज. नियंत्रण तिथेच असणार, आणि ग्लुकोज उलट बनवताना वेगळी एन्झाइमं तिथेच लागणार. दोन प्रकरणं एका यादीत बसली. फॉस्फोफ्रुक्टोकायनेजचा इशारा एएमपी (एटीपीचे दोन फॉस्फेट गेल्यावर उरणारा रेणू; एकच गेलं तर एडीपी) का, याचं उत्तर आकड्यांत आहे. एटीपी ५ मिलिमोलरवरून ४.५ वर आला तर घट फक्त १० टक्के. पण दोन एडीपींपासून एक एटीपी आणि एक एएमपी करणाऱ्या एन्झाइममुळे एएमपी ०.१ वरून ०.६ वर जातो, सहापट. संवेदक म्हणून कुठला आकडा वापरायचा, हे उघड आहे.

क्रेब्स चक्राच्या एका फेऱ्यात एका ॲसिटिल-कोएमागे (चक्रात शिरणारा दोन कार्बनचा गट, वाहकासह) तीन एनएडीएच, एक एफएडीएच२ (एनएडीएचसारखाच इलेक्ट्रॉनवाहक), एक जीटीपी (एटीपीच्याच बरोबरीचा), दोन कार्बन डायऑक्साइड. बाहेर पडणारे ते दोन कार्बन पहिल्या फेऱ्यात नुकत्याच आलेल्या ॲसिटिलचे नसतात, हा परीक्षकांचा लाडका प्रश्न. एटीपीच्या हिशेबात पुस्तकं भांडताना दिसतील. जुनी पुस्तकं एनएडीएचला ३ आणि एफएडीएच२ ला २ धरून ग्लुकोजला ३६ किंवा ३८ म्हणतात, आता २.५ आणि १.५ धरतात. तसं मोजलं तर ग्लायकोलिसिसचे २, पायरुव्हेटच्या पायरीचे ५, चक्राचे २०, आणि पेशीद्रवातल्या दोन एनएडीएचचे ३ किंवा ५, त्यांचे इलेक्ट्रॉन कुठल्या शटलने (इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियात नेणाऱ्या यंत्रणेने) आत गेले त्यावर. एकूण ३० किंवा ३२. पाल्मिटेटचं (१६ कार्बनच्या मेदाम्लाचं) तसंच: ८ ॲसिटिल-कोए म्हणजे ८०, दोनदोन कार्बन कापणाऱ्या सात फेऱ्यांचे २८, सुरुवातीचा खर्च २ वजा, १०६. उत्तरपत्रिकेत आधी कुठले गुणक धरले ते लिहा, मग आकडा.

प्रयोगशाळा

ट्रिस बफर ज्या तापमानाला वापरायचं त्याच तापमानाला त्याचा पीएच लावा. अंशामागे तो सुमारे ०.०३ ने बदलतो, त्यामुळे २५ अंशाला ८.० लावलेलं बफर ४ अंशाला ८.६ च्या घरात असतं. आधी अंतिम घनफळाच्या ८० टक्के पाण्यात विरघळवा, पीएच लावा, मग खुणेपर्यंत पाणी भरा. उलटं केलं तर आम्ल घालताना घनफळ खुणेच्या वर जातं आणि संहती चुकते.

पिपेट निवडताना हव्या त्या घनफळाच्या लगेच वरची कमाल मर्यादा असलेला घ्या. ५० मायक्रोलिटरसाठी हजाराचा नको. ओढताना पहिल्या थांब्यापर्यंत, सोडताना दुसऱ्यापर्यंत. दुसऱ्या थांब्यापासून ओढलं तर प्रत्येक वेळी जास्त द्रव येतो आणि तुमचे तिन्ही नमुने एकमेकांशी सुंदर जुळतात, फक्त चुकीचे असतात. ग्लिसरॉलमधलं एन्झाइम सावकाश ओढा आणि टोकाच्या बाहेरचा थेंब पुसा.

२६० किंवा २८० नॅनोमीटरला क्वार्ट्झचं क्युव्हेट (नमुना ठेवायची छोटी पारदर्शक नळी) लागतं; साधं प्लास्टिक किंवा काच स्वतःच प्रकाश शोषते. शोषण १ च्या वर गेलं तर नमुना विरल करून पुन्हा मोजा. एनएडीएचचा शोषण गुणांक ३४० नॅनोमीटरला ६,२२० दर मोलर दर सेंटिमीटर. समजा मिनिटाला शोषण ०.३११ ने बदलतं: ०.३११ ÷ ६,२२० = ५० मायक्रोमोलर. क्युव्हेटमध्ये ३ मिली द्रावण, म्हणजे ०.१५ मायक्रोमोल दर मिनिट, ०.१५ युनिट (एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल). त्यात एन्झाइम ०.०५ मिली घातलं होतं, म्हणून मूळ नमुन्यात मिलीमागे ३ युनिट. आणि ते आधी दहापट विरल केलेलं असेल तर ३०. यातली शेवटची पायरी इतक्या वहीत गाळलेली असते की विरलीकरणाचा आकडा आलेखाच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवणं बरं.

आठवडा कसा लावायचा

तासाच्या आधी पंधरा मिनिटं त्या प्रकरणाच्या फक्त आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी वाचा. त्याच संध्याकाळी पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर मार्ग काढा. अडेल तिथे रिकामी जागा सोडा आणि मगच पुस्तक उघडून ती वेगळ्या रंगाने भरा. तोच कागद पुन्हा तिसऱ्या आणि आठव्या दिवशी. रंगीत पेनने पानंच्या पानं अधोरेखित करण्यात वेळ जातो, हाती फार काही लागत नाही.

गणितं रोज दोन पुरेत, पण उत्तर न बघता आणि एककं प्रत्येक ओळीत लिहून. मित्रांबरोबर बसायचं असेल तर एकमेकांना व्याख्या विचारू नका. एकाने एखादं एन्झाइम बंद पाडावं, दुसऱ्याने काय साठेल, काय कमी पडेल आणि एनएडीएचचं काय होईल ते फळ्यावर काढावं.